रझाकारात तुम्ही केवढे होता?

मे १९४४. त्या काळी हंगेरीच्या ताब्यात असलेल्या सिगेट गावातून निघालेली मालगाडी ऑशविट्झ-बिर्केनाऊच्या छावणीत येऊन थांबते. गुरे वाहून नेण्याच्या एकेका डब्यात ऐंशी माणसे. खाली उतरवल्यावर बायका एकीकडे आणि पुरुष दुसरीकडे केले जातात. आई आणि धाकटी बहीण बघता बघता गर्दीत दिसेनाशा होतात, त्या कायमच्याच. बापाचा हात धरून रांगेत उभ्या असलेल्या एली वीझेलजवळ एक अनोळखी कैदी येतो आणि वय विचारतो. पंधरा म्हटल्यावर तो रागावतो, अठरा सांग म्हणतो. बाप पन्नाशीचा, त्याला चाळीस सांगायला लावतो. थोड्या वेळाने निवड करणारा अधिकारी धंदा विचारतो, तेव्हा लहानपणापासून धर्मग्रंथांत बुडालेल्या या मुलाच्या तोंडून शब्द निघतो, ‘शेतकरी’.

त्याच वर्षी, त्याच छावणीत, व्हिएन्नाची रूथ क्लूगर बारा वर्षांची होती. कामाच्या छावणीत पाठवायच्या बायकांची निवड चालली होती आणि वयाची अट पंधराच्या पुढची होती. पहिल्या रांगेत तिने खरे वय सांगितले आणि ती नापास झाली. आईच्या आग्रहावरून ती दुसऱ्या रांगेत उभी राहिली. तिथे नोंदी करणारी एक तरुण कैदीण जागेवरून उठून तिच्याजवळ आली आणि पंधरा सांग म्हणाली. पोरगी काटक आहे, असे तिने अधिकाऱ्यालाही पटवले. इम्रे कर्तेशच्या ‘फेटलेस’ या कादंबरीतल्या बुडापेस्टच्या मुलालाही फलाटावरचे कैदी वय वाढवून सांगायला शिकवतात. कर्तेश स्वतः चौदाव्या वर्षी त्या फलाटावर उतरला होता.

केवढा आहेस, हा घरी आलेल्या पाहुण्याने सहज विचारायचा प्रश्न. छावणीत त्याच्या उत्तरावर जीव टांगलेला होता.

नांदेड-लातूरकडच्या जुन्या माणसांच्या बाबतीत वयाचा हिशेब निराळ्याच तऱ्हेने लागतो. जन्मतारीख विचारली तर ती शाळेत मास्तरांनी घातलेली, बहुधा १ जून. खरे वय काढायचे तर दुसरा प्रश्न विचारावा लागतो: रझाकारात तुम्ही केवढे होता? त्यावर उत्तर लगेच येते. पाळण्यात होतो, गुरं राखायला जात होतो, माझं लग्न ठरलं होतं. निझामाच्या राजवटीतल्या रझाकार सेनेच्या दहशतीचे दिवस सांगणाऱ्या या एका शब्दाला एका अख्ख्या पिढीने आपले बालपण बांधून ठेवले आहे. पण प्रश्न तिथेच थांबतो. वयाचा अंदाज आला की ऐकणारा पुढच्या विषयाकडे वळतो. गुरे राखणाऱ्या त्या पोराने तेव्हा काय पाहिले, हे विचारायचे राहून जाते.

हे राहून गेलेले विचारणे किती महाग पडले, हे वीझेल किंवा क्लूगर वाचताना उमगते. म्हणूनच ही पुस्तके लातूरच्या ट्यूशन एरियात खोली करून राहणाऱ्या सतरा वर्षांच्या मुला-मुलींच्या हाती पडायला हवीत. दहावीनंतर विज्ञान घेतले की इतिहास सुटतो आणि पुढची दोन वर्षे जीवशास्त्र, रसायन, भौतिक यांत जातात. वीझेल फलाटावर उतरला तेव्हा या मुलांपेक्षाही लहान होता. त्याचे ‘नाइट’ जेमतेम सव्वाशे पानांचे आहे. एका रविवारात वाचून होते, मनातून मात्र लवकर जात नाही.

मराठी वाचकाला हिटलर नवा नाही. वि. ग. कानिटकरांच्या ‘नाझी भस्मासुराचा उदयास्त’ने कित्येक पिढ्यांना तो सगळा पट दाखवला, आणि ते मोठेच काम होते. पण त्याच वाचकासमोर बसस्टँडवरच्या स्टॉलवर हिटलरचे आत्मचरित्र व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांच्या शेजारी मांडलेले असते, आणि भारतात ते वर्षानुवर्षे खपते आहे. जिद्द, वक्तृत्व, शिस्त शिकण्यासाठी तरुण ते विकत घेतात. महायुद्धाच्या तारखा, करारांची नावे, सेनापतींचे डावपेच पाठ असलेला स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी नांदेडच्या कुठल्याही अभ्यासिकेत भेटेल. १५ मे ते ९ जुलै १९४४ या आठ आठवड्यांत हंगेरीतून सुमारे ४ लाख ४० हजार ज्यूंना, बहुतेकांना ऑशविट्झलाच, नेण्यात आले, ही ओळही तो पाठ करील. पण हा आकडा त्या अधिकाऱ्याच्या टेबलाकडून मोजलेला आहे. टेबलासमोर उभ्या राहिलेल्या मुलाकडून तीच गोष्ट ऐकली की ती पाठ करण्याची राहत नाही.

फरक कशाने पडतो? पंधराव्या वर्षी माणसाकडे पाहिलेल्याला नाव द्यायला शब्द नसतात. तो जे दिसले ते सांगतो, आणि आपल्या नावाला बट्टा लावणारेही सांगून जातो. जानेवारी १९४५ मध्ये बुखेनवाल्डच्या छावणीत वीझेलचा बाप आजाराने आणि मारहाणीने मरायला टेकला होता. तो मुलाला हाका मारत होता. मुलगा हलला नाही. पहाटे त्या फळीवर दुसराच आजारी माणूस होता. त्या क्षणी आपल्याला रडू आले नाही आणि मनाच्या तळाशी सुटल्यासारखे काहीतरी वाटले, अशी कबुली तो देतो. गौरवग्रंथात अशी कबुली कोण छापील? पुस्तकावरचा वाचकाचा भरवसा मात्र याच पानावर बसतो. नात्याचा कणा कसा मोडतो, ते इथे एका मुलाच्या अंगावर दिसते.

क्लूगर आणखी कडक आहे. छळ सोसला म्हणून माणूस थोर होतो, ही समजूत ती मान्यच करत नाही. ऑशविट्झ ही माणुसकी शिकवणारी शाळा नव्हती, हे तिने पुन्हा पुन्हा बजावले. छावण्यांची स्मारके बघून डोळे पुसणाऱ्या पर्यटकांवरही तिचा विश्वास नव्हता. तिचे पुस्तक १९९२ मध्ये आले, म्हणजे घटनेनंतर जवळजवळ अर्धशतकाने. वीझेलनेही युद्धानंतर दहा वर्षे यावर अक्षर लिहिले नाही. त्याचे पहिले यिडिश पुस्तक १९५६ मध्ये ब्युनॉस आयर्सला छापले गेले आणि त्याच्या शीर्षकातच जगाच्या गप्प बसण्याचा उल्लेख होता.

मराठवाड्यात ‘कँप’ हा शब्द ऐकला की जुन्या माणसांची छाती फुगते. इथला कँप म्हणजे हैदराबाद संस्थानाच्या सरहद्दीबाहेर, वऱ्हाडात किंवा सोलापूर-नगरच्या बाजूला उभारलेले मुक्तिसंग्रामाचे ठाणे. नांदेड जिल्ह्यातली पोरे उमरखेडच्या कँपवर गेली. ३० जानेवारी १९४८ रोजी उमरीची बँक लुटून लढ्याला पैसा उभा करणाऱ्यांची कथा अजून सांगितली जाते. त्याआधी ऑक्टोबर १९४६ मध्ये बिलोली तालुक्यात अर्जापूरजवळ गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली होती. लढ्याचा इतिहास लिहिला गेला आहे आणि चांगला लिहिला गेला आहे. स्वामी रामानंद तीर्थांच्या आठवणी आहेत, अनंत भालेरावांचा ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ हा ग्रंथ आहे. नरहर कुरुंदकर सप्टेंबर १९४८ मध्ये सोळा वर्षांचे होते. पुढे नांदेडला राहून त्यांनी हैदराबादच्या प्रश्नाची जी चिकित्सा केली, तिच्या तोडीचे लेखन मराठीत थोडे आहे. पण ते लिहिले प्रौढ विचारवंताने. सोळा वर्षांचा मुलगा त्यात मागे उभा राहतो.

आणि जो मुलगा कँपवर गेला नाही, त्याचे काय? रझाकारांची धाड येणार म्हणून रात्री ज्वारीच्या उभ्या पिकात लपलेली पोर, बैलगाडीत भांडीकुंडी टाकून बार्शीच्या वाटेला लागलेले घर, धान्याचे पेव बुजवून त्यावर शेण सारवणारी आई. या गोष्टी घरोघरी आहेत आणि तोंडीच आहेत. त्या कागदावर न येण्याचे एक कारण सरकारी आहे. १९७२ पासून स्वातंत्र्यसैनिकांना केंद्राची पेन्शन सुरू झाली आणि पुढे सरहद्दीवरच्या कँपांनाही मान्यता मिळाली. ती मिळायलाच हवी होती. पण अर्ज भरायचा तर कोणत्या कँपवर होता, कोणाच्या हाताखाली, किती महिने, प्रमाणपत्र कोणाचे, हेच विचारले जाणार. आठवणी त्या रकान्यांच्या मापाने सांगितल्या जाऊ लागल्या. ज्वारीत लपलेल्या पोरीसाठी रकाना नव्हता. भीती हा कोणत्याही अर्जात पुरावा ठरत नाही.

दुसरे मौन याहून जड आहे. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या, १७ तारखेला निझामाने शरणागती पत्करली. त्या दिवशी दरवर्षी मराठवाड्यात झेंडा फडकतो. जुन्या माणसांच्या तोंडी या मोहिमेचे नाव ‘पोलीस ॲक्शन’. त्यानंतरच्या आठवड्यांत काय झाले, याची चौकशी करायला पंतप्रधान नेहरूंनी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना पाठवले. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर या काळात त्यांनी सोळापैकी नऊ जिल्हे पाहिले आणि पाचशेहून अधिक लोकांचे म्हणणे ऐकून घेतले. सर्वांत जास्त झळ बसलेले म्हणून त्यांनी चार जिल्हे नोंदवले: उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. मेलेल्यांचा त्यांचा अंदाज २७ ते ४० हजारांचा होता, बहुसंख्य मुसलमान. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातले व्यापारी गाव. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी इथलाच वकील. या एका गावात वीस दिवसांहून अधिक काळ कत्तल चालली, हजारावर माणसे मारली गेली आणि दहा हजारांच्या आसपास असलेल्या मुसलमान वस्तीतले जेमतेम तीन हजार उरले, असे समितीने लिहिले. सरदार पटेलांनी या अहवालावर तीव्र आक्षेप घेतला. तो कित्येक दशके लोकांसमोर आला नाही.

अंदाजांवर वाद होऊ शकतो, व्हावाही. पण लातूरच्या गंजगोलाईत सोळा रस्त्यांनी रोज येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांपैकी किती जणांनी समितीचे लातूरविषयीचे हे वाक्य कधी ऐकले आहे? रझवी तुरुंगातून १९५७ मध्ये सुटला आणि पाकिस्तानात गेला. त्याने पेटवलेल्या आगीचा सूड ज्यांच्यावर उगवला गेला, त्यांत त्याला कधी न पाहिलेले विणकर, पिंजारी, मजूर होते आणि त्यांची पोरे होती. त्या पोरांपैकी जी शिकली ती उर्दूतून शिकली, कारण संस्थानाची भाषा ती होती. राज्य बदलले, कचेरीची भाषा बदलली, पुढे १९५६ आणि १९६० मध्ये प्रांतही बदलला. सांगायचे असते तरी ते मराठीत कोणी कोणाला सांगायचे? ज्या शेजाऱ्याबरोबर उरलेले आयुष्य काढायचे, त्याच्यासमोर गप्प राहणेच शहाणपणाचे वाटले असेल, तर त्यांना दोष कसा देणार?

इथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. ज्यूंचा संहार आणि १९४८चा मराठवाडा एका तराजूत घालता येत नाहीत. तिकडे एका आधुनिक राज्ययंत्रणेने रेल्वेची वेळापत्रके, विषारी वायू आणि नोंदवह्या वापरून एक अख्खा समाज पुसायचे ठरवले आणि साठ लाख माणसे मारली, त्यांत सुमारे पंधरा लाख मुले होती. इथे एक सरंजामी राजवट, तिची खासगी सेना आणि तिच्या पाडावानंतर उसळलेला सूड होता. तुलना केली तर दोन्हींचा अपमान होतो. पण या लेखाचा मुद्दा घटनांच्या तुलनेचा नाही, साक्षीचा आहे. तिकडे मुलांची साक्ष लिहिली गेली, छापली गेली, शाळांत वाचली गेली. इकडे ती तोंडातच राहिली.

दुसरा आक्षेप कळकळीचा असतो: कशाला जुनी खपली काढायची? गुण्यागोविंदाने राहतो आहोत ना. या प्रश्नामागे चांगली माणसे असतात. पण खपलीखाली जखम भरली आहे की नाही, ते सप्टेंबर आला की दिसते. झेंडावंदनाच्या आगेमागे रझाकार हा शब्द शिवी म्हणून फेकला जातो, मोबाइलवर चित्रे फिरतात आणि ज्यांचे आजोबा तेव्हा जन्मलेही नव्हते त्या पोरांना हिशेब चुकते करायची भाषा शिकवली जाते. ज्यांनी पाहिले त्यांनी सांगितले नाही, म्हणून ज्यांनी पाहिले नाही ते सांगत सुटले आहेत. मुलाची आठवण या कामाला निरुपयोगी ठरते, कारण तिच्यात शेजाऱ्याचे नाव असते. रात्री येऊन सावध करून गेलेला असतो आणि दुपारी घरातली तांब्याची घागर उचलून नेणाराही असतो, आणि कधी कधी तो एकच माणूस असतो. अशा आठवणीतून घोषणा तयार होत नाही.

शिवाय त्या काळातल्या माणसांचे दोन सरळ गट पाडताच येत नाहीत. ‘इमरोज’चा संपादक शोएबुल्ला खान याने रझाकारांविरुद्ध लिहिले म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्याचा खून झाला. रझाकारांच्या अत्याचारांचा निषेध म्हणून फरीद मिर्झा यांनी निझामाची सरकारी नोकरी सोडली.

मराठवाड्याला आत्मकथन येत नाही, असे तर कोणीच म्हणू शकणार नाही. मराठीत १९७८ मध्ये दया पवारांचे ‘बलुतं’ आले. पुढच्याच वर्षी आलेल्या प्र. ई. सोनकांबळे यांच्या ‘आठवणींचे पक्षी’मध्ये मराठवाड्याच्या खेड्यातला एक पोरका मुलगा भाकरीसाठी आणि शाळेसाठी काय काय सोसतो, ते कुठलाही आव न आणता आले आहे. विशेष म्हणजे याच दोन वर्षांत मराठवाडा पेटला होता. जुलै १९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव झाला आणि गावोगावच्या दलित वस्त्या जाळल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांना मारण्यात आले. त्या रात्रींबद्दल आज जे कळते त्यातले बरेचसे चळवळीतल्या माणसांनी हट्टाने लिहून ठेवले म्हणून कळते. सोसलेले लाजिरवाणे नसते, ते सांगता येते आणि आपल्याच बोलीत सांगता येते, हा धीर मराठीला दलित लेखकांनी दिला. १९४८च्या साक्षीदारांपर्यंत तो धीर पोचायला हवा होता. ‘बलुतं’ आले तेव्हा १९४८चा पंधरा वर्षांचा मुलगा पंचेचाळिशीचा होता, लिहिण्या-सांगण्याच्या ऐन उमेदीत.

किल्लारीचे उदाहरण जवळचे, पण वेगळे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे जमीन हलली आणि गावेच्या गावे दगडमातीखाली गेली. आईबाप गमावलेली मुले पुण्याला शिकायला गेली. आज चाळिशी ओलांडलेली ती माणसे त्या पहाटेविषयी बोलतात, दरवर्षी स्मृतिस्तंभाजवळ जमतात. भूकंपाविषयी बोलता येते, कारण त्यात कोणा शेजाऱ्याचा हात नसतो.

१९४८ साली पंधरा वर्षांचा असलेला माणूस आता नव्वदी ओलांडून गेला आहे. तेव्हाची दहा वर्षांची मुलगी त्याच्या फार मागे नाही. या वयात लिहून होणार नाही, पण बोलून होईल. हे कसे करतात याचे नमुने शोधायला फार लांब जावे लागत नाही. स्टॅलिनच्या राजवटीने घरातून उचलून सायबेरियाकडे नेलेली हजारो पोलिश माणसे, त्यांत पुष्कळशी मुले, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिली. ती मुले म्हातारी झाल्यावर लंडनमध्ये एकत्र आली, एकमेकांच्या आठवणी गोळा केल्या आणि पन्नास वर्षांनी जाडजूड पुस्तक काढले. ज्यूंच्या संहारातून वाचलेल्या आणि तो पाहिलेल्या पन्नास हजारांहून अधिक माणसांच्या मुलाखती १९९४ नंतर चित्रित झाल्या. फाळणीच्या साक्षीदारांसाठी असे काम चालू आहे. नांदेडच्या विद्यापीठाला स्वामी रामानंद तीर्थांचे नाव आहे आणि त्याची स्थापनाच १७ सप्टेंबरची, १९९४ सालची. इतिहास विभागाच्या विद्यार्थ्यांनी मोबाइल घेऊन मुखेड, कंधार, उदगीर, निलंग्याच्या ओसरीवर जाऊन बसावे, याला मोठा निधी लागत नाही. मराठीबरोबर दखनी ऐकून समजणारा एक सोबती मात्र लागेल.

काय विचारायचे, हेही या पुस्तकांतून शिकता येते. दोषी कोण, हा पहिला प्रश्न नसावा. त्याचे उत्तर लोक जन्मभर पाठ करून बसलेले असतात. वीझेलच्या पुस्तकात बारीक बारीक वस्तू आहेत: सूपचे भांडे, बूट, निवडीत आपण मरणार असे वाटलेल्या बापाने मुलाच्या हाती दिलेला चाकू आणि चमचा. तसेच विचारावे. त्या रात्री झोपला कुठे? घरात कोणते धान्य होते? सावध करायला कोण आले? बैल कोणाकडे सोडले? परत आल्यावर शाळेत बाकावर शेजारी कोण होते आणि कोण नव्हते?

बिर्केनाऊच्या रांगेत क्लूगरला वय खोटे सांगायला लावणारी ती तरुण कैदीण कोण होती, तिचे पुढे काय झाले, ते कळलेले नाही. तिचे नाव क्लूगरलाही ठाऊक नव्हते. पण ती होती, जागची उठली होती, इतके तरी जगाला माहीत आहे, ते एका बारा वर्षांच्या मुलीने लक्षात ठेवले म्हणून. सुंदरलाल समितीच्या अहवालातही असा एक उल्लेख आहे. काही ठिकाणी हिंदू विणकर आपल्या मुसलमान विणकर भावांच्या आड उभे राहिले, हल्लेखोरांशी लढले आणि त्यात त्यांचेही जीव गेले. हा उल्लेख ओझरता आहे. ती गावे कोणती, माग कोणाचे, आड उभे राहिलेल्यांची नावे काय, हे तिथे नाही. त्या दिवशी मागाच्या खड्ड्यात लपून ते पाहणारे एखादे पोर असेल, तर ते आज नांदेडच्या इतवाऱ्यात किंवा लातूरच्या एखाद्या गल्लीत नातवंडांच्या घरी बाजेवर पडून असेल. त्याला अजून कोणी विचारलेले नाही.